डब्यातली गाडी

भातकापणी सुरू झाली की आमच्या परसात दोन वास एकत्र येतात. एक शेजारच्या खाचरातून येतो, ताज्या पेंढ्याचा. दुसरा शेडमधल्या बंद ट्रेलरमधून: चार महिने कोंडलेलं रबर, पेट्रोल, लाकडी कोळसा आणि ओल. काल सकाळी साडेसातला ट्रेलरचं मागचं दार उतरवलं तेव्हा दोन्ही वास एकदम आले, आणि त्यांच्यामागून मागच्या वर्षीचा हंगाम आला. मी दार तसंच ठेवलं आणि पायरीवर बसलो.

ट्रेलर इक्बालचा आहे. आत उभी असलेली रॅलीची गाडीही त्याचीच. जागा तेवढी माझी. इक्बाल माझा शाळेपासूनचा मित्र. जव्हारच्या बाजारात त्याचं पत्र्याच्या कामाचं दुकान आहे. वडील लग्नाच्या पेट्या आणि धान्याच्या कोठ्या बनवत. त्याने ते चालू ठेवलं आणि चाळिशी उलटताना रॅलीचं वेड लावून घेतलं. एक जुनी हॅचबॅक घेतली, मागच्या सीटा काढल्या, आत लोखंडी नळ्यांचा पिंजरा बसवला. मग जत्रेत फिरणाऱ्या एका दुकानगाडीचा मोडका सांगाडा आणून त्याला चारी बाजूंनी आणि वरून पत्रा चढवला. पेटीचं झाकण बसावं तसं त्याचं मागचं दार बसतं, आणि खाली उतरवलं की त्याचाच गाडी चढवायचा उतार होतो. गावात त्याला ट्रेलर कुणी म्हणत नाही. डबा म्हणतात.

परवा इक्बाल आला होता. तो आमच्याकडे आला की आधी डब्याभोवती एक फेरी मारतो, मग ओट्यावर बसतो. परवा फेरी न मारताच बसला.

"यंदा तू बसतोस का?" त्याने विचारलं. "जयवंतीला नको म्हणतोय."

मी दोन दिवस मागितले.

बसणं म्हणजे चालकाच्या डाव्या हाताच्या सीटवर बसणं. रॅलीत चालकाशेजारचा माणूस वही उघडून पुढचा रस्ता मोठ्याने वाचत जातो. वळण किती आहे, किती लांब आहे, त्याच्या पलीकडे काय आहे. चालक डोळ्यांना दिसतं त्यावर कमी आणि कानांना येतं त्यावर जास्त चालवतो. सहा वर्षं ते वाचन मी केलं. मागच्या वर्षी ते जयवंतीने केलं. यंदा ती जागा माझ्याकडे परत येत होती, आणि ती का येत होती हे आम्हा तिघांपैकी दोघांनाच ठाऊक होतं. तिसरा इक्बाल.

जव्हारच्या पावसात गाडी राखणं हे काम आहे. उघड्यावरची गाडी श्रावण संपेपर्यंत हिरवी होते; काचेच्या रबरातून शेवाळ उगवतं, सीटवर पांढरी बुरशी येते. म्हणून डबा, आणि डब्यावर पुन्हा शेड. जूनमध्ये गाडी आत चढवायची. टाकी काठोकाठ भरायची, म्हणजे आत बाष्प धरत नाही. बॅटरी काढून घरात आणायची. हातब्रेक सोडून चाकांना लाकडी ठोकळे लावायचे, कारण चार महिने ओढून ठेवलेला ब्रेक तसाच चिकटतो. कोळशाची दोन पोती आत ठेवायची, ओल शोषायला. आणि निरगुडीचा पाला, उंदरांसाठी. हे शेवटचं इक्बालच्या वडिलांकडून आलेलं. कोठी विकताना ते गिऱ्हाइकाला तळाशी पाला घालायला सांगत. उंदीर त्याला किती भितात कोण जाणे, पण आमच्या गाडीची वायर अजून कुरतडली गेलेली नाही.

शेजारच्या आजींना हा प्रकार कधीच पटला नाही. पहिल्या वर्षी त्या कुंपणाशी येऊन बराच वेळ बघत उभ्या राहिल्या.

"गाडी आजारी हाय का?"

"नाही आजी. चांगली आहे."

"मंग दुसऱ्या गाडीत निजून का चाललीय?"

इक्बाल म्हणाला, "आजी, शर्यतीआधी दमायला नको तिला."

"माझा नवरा तं बैलाला चालवतच नेत होता शर्यतीला," आजी म्हणाल्या. "बैलाला उचलून नेला आसता तं लोकांनी आमाला गावातून काढला आसता."

या गाडीला रस्त्यावर चालायची परवानगी नाही, ती फक्त शर्यतीच्या मातीवर चालते, हे मी त्यांना समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि पुन्हा विचारलं, "पन चालते ना?"

मी पंचवीस वर्षं ठाण्याच्या एका दैनिकात दुसऱ्यांच्या बातम्या तपासल्या. नाव बरोबर आहे का, आकडा जुळतो का, वाक्यात आहे त्यापेक्षा जास्त तर सांगितलं जात नाही ना. जव्हारला परत आल्यावर इक्बालने मला सीटवर बसवलं ते याच कारणाने. "तू चुकत नाहीस," तो म्हणाला होता. माझी वही आखीव होती. वळणांना एक ते सहा आकडे. एक म्हणजे सर्वांत घट्ट; मधलं अंतर मीटरमध्ये. "डावं तीन, पन्नास, उजवं दोन, सावध." काळी शाई, पानाला आठ ओळी. शिरपामाळच्या बाजूला पहाटे पर्यटक यायच्या आधी जाऊन आम्ही त्या आकड्यांचा सराव करायचो. सहा वर्षांत मी एकही वळण चुकीचं वाचलं नाही. हे मी नोंद म्हणून लिहितो आहे. नंतर जे झालं त्याच्या मोजमापाला ते लागतं.

मग चष्मा बदलला. दूरचं आणि जवळचं एकाच काचेत दाखवणारा चष्मा खुर्चीत बसून वाचायला उत्तम असतो. खड्ड्यातून उसळणाऱ्या गाडीत ओळ वर-खाली पळते. मी चुकलो नाही, पण उशीर होऊ लागला. अर्धा सेकंद. इक्बाल वळणाच्या आधी माझ्याकडे एकदा बघू लागला, आणि चालकाने शेजारी बघणं म्हणजे काय ते आम्हा दोघांनाही कळत होतं.

जयवंतीला गाडीत मीच बसवलं. हेही नोंदवायला हवं. मागच्या वर्षीच्या उन्हाळ्यात पोशेऱ्याच्या पुढे एका कच्च्या रस्त्यावर आम्ही माझी गाडी घेऊन सराव करत होतो. समोरून स्कूटीवर एक मुलगी आली, मागे लसींचा निळा डबा बांधलेला. पोशेऱ्याचीच, पाड्यापाड्यांवर फिरणारी आरोग्य सेविका. तिने हात करून थांबवलं.

"फुडं जोरात जाऊ नका. टेकाड संपला का रस्ता दिसत नाय, आन् लगेच डावीकडं कोयता हाय."

"कोयता?" इक्बालने विचारलं.

तिने हाताने हवेत कोयत्याचा आकार काढला. पाठ सरळ, आणि टोकाला एकदम आत वळलेली.

इक्बाल ते बघतच राहिला. मी म्हणालो, "बस गाडीत, दाखव." मला वाटलं ती पुढचं एखादं वळण दाखवेल आणि उतरेल.

ती मागच्या सीटवर बसून अकरा किलोमीटर बोलत राहिली. विळा म्हणजे लांब आणि सारखं वाकलेलं वळण. काठी म्हणजे सरळ रस्ता. आखूड काठी, लांब काठी. कोयता म्हणजे घट्ट, पोट म्हणजे वळणाची आतली बाजू. "कोयता डावा, पोटात दगूड." घरी ती वेगळी बोली बोलते, शाळेत आणि नोकरीत मराठी, रस्त्यासाठी तिने दोन्हीतून उचललेले शब्द होते आणि ते तिने कुणाला दाखवण्यासाठी बनवलेले नव्हते. पावसात त्या रस्त्यांवर स्कूटी घालायची तर असं काही लागतंच. मी समजून घेत होतो तोवर इक्बालने गाडी वळवलेली असायची. आकडा कानात गेला की डोक्यात त्याचं वळण करावं लागतं. विळा हातालाच ठाऊक असतो. आमच्याकडे प्रत्येकाच्या हाताला, पत्रा कापणाऱ्याच्यासुद्धा.

घरी येताना इक्बाल म्हणाला, "दत्ता, तुझा चष्मा आणि माझे खड्डे, यांचं आता जमत नाही रे."

तो हसून म्हणाला. मीही हसलो.

डेस्कवर कुणी हेवा आणि मत्सर यांतला फरक विचारला असता तर मी एका ओळीत सांगितला असता. दुसऱ्याजवळ आहे ते आपल्याकडेही असावं, हा हेवा. ते त्याच्याजवळ राहू नये, हा मत्सर. मागच्या वर्षीच्या पावसाळ्यात मी पहिल्यापासून दुसऱ्यापर्यंत गेलो, आणि मधला रस्ता मला नेमका आठवतो.

कारण ती दोघं सरावाला माझ्याच परसात येत. पाऊस धो धो चाललेला, बाहेर गाडी चालवायची सोय नाही, म्हणून दर रविवारी दुपारी डब्याचं दार अर्धं उतरवून ती आत उभ्या असलेल्या गाडीत बसत. इंजिन बंद. इक्बाल स्टिअरिंगवर, ती शेजारी, मांडीवर वही. ती वाचायची, तो नुसतेच हात फिरवायचा. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत असे. दिसायचं काही नाही. पत्र्याची भिंत आणि त्यावरून वाहणारं पाणी. पण पत्र्याच्या डब्यातला आवाज बाहेर मोठा होऊन येतो. "लांब काठी. विळा उजवा. विळा उजवा. कोयता डावा, पोटात दगूड!" आणि मग हसणं. दगडाला काय हसायचं असतं, मला कळलं नाही. आमच्या सहा वर्षांत आम्ही गाडीत हसलो नव्हतो. तशी वेळच आली नाही, असं मी समजत होतो.

आणखी एक गोष्ट. इक्बाल आणि मी एकाच वर्गात होतो, एका बाकावर. ती त्याला इक्बालभाई म्हणायची. मला काका.

बायकोने चहाचे दोन कप भरले. "तुम्हीच नेऊन द्या की," ती म्हणाली.

"पाऊस आहे."

"काल याच पावसात पेपर आणायला गेलात." तिने माझ्याकडे नीट बघितलं. "ती तुमची सीट होती हो, तुमच्या नावानं मांडलेला पाट नव्हे. उठलात तर दुसरं कुणी बसणारच."

मी छत्री घेऊन कप नेले. जयवंतीने दार आणखी खाली घेतलं, कप घेतले आणि म्हणाली, "काका, या ना आत. तुमी सांगा माजा काय चुकतंय." तिने मनापासून म्हटलं असावं. मी तिची वही बघितली. शाळेच्या चौकटीच्या वहीत पेन्सिलीने काढलेली चित्रं: विळे, कोयते, काठ्या, दगडाच्या जागी गोल. एका पानाला पाचच खुणा. चूक शोधायला मी पानामागून पान उलटलं. मिळाली नाही. "अक्षर मोठं काढ," मी म्हणालो. त्यात अक्षरं नव्हतीच.

भात कापून झालं, नाचणीची कणसं खुडून झाली, आणि रॅलीला निघायचा दिवस आला. शर्यत नाशिकच्या पुढे एका माळावर होती. रस्ता ठरलेला: जव्हारहून निघायचं, पोशेऱ्याला जयवंतीला घ्यायचं, मग वर. जीप इक्बाल चालवणार, जीपमागे डबा, आणि डब्यामागे माझी छोटी गाडी. मागच्या गाडीला काम असतं. डबा डुलतो का, दिवे लागतात का, खाली काही लोंबतं का, हे जीपवाल्याला दिसत नाही. ते मागच्याने बघायचं आणि हॉर्न द्यायचा. सहा वर्षं हे काम इक्बालचा एक कारागीर करायचा. आता ते माझ्याकडे आलं होतं.

गाडी डब्यात चढवणं मात्र अजून माझंच होतं. मी आत पुढच्या भिंतीशी उभा राहून हात दाखवायचो. "ये, ये, ये... बस." तळाच्या फळीवर मी रंगाची एक रेघ मारलेली आहे, पुढच्या चाकाचा मध्य त्या रेघेवर यायला हवा. तसा आला की गाडीचा भार डब्याच्या चाकांच्या किंचित पुढे पडतो. डब्याचं नाक, म्हणजे पुढचा जोडदांडा, जीपच्या मागच्या लोखंडी गोळ्यावर दाबून बसतं आणि जीप म्हणेल तसा डबा जातो. भार मागे गेला की नाक वर उचलायला बघतं आणि शेपूट हलू लागते. ती उतारावर हलू लागली तर पुढच्या जीपलाही बाजूला घेऊन जाते. नाक तपासायची इक्बालची रीत अशी: डबा जीपला जोडायच्या आधी एका माणसाने नाक उचलून बघायचं. सहज उचललं गेलं तर भार मागे आहे. जेमतेम, दात आवळून उचललं गेलं तर बरोबर. त्या सकाळी मी दात आवळून उचललं. पट्टे आवळले, दार लावलं. सात वाजून दहा मिनिटांनी निघालो.

पोशेऱ्याला जयवंतीच्या अंगणात सगळं घर जमलेलं होतं. तिच्या आईने इक्बालला ओट्यावर बसवून भाकरी आणि चहा समोर ठेवला. हे चाललेलं असताना तिची मावशी आणि मामा डब्यामागे आले, आणि मी जिथे उभा होतो तिथे पुढचं सगळं झालं.

आमच्या डोंगरात वर जाणारी गाडी कुणी रिकामी जाऊ देत नाही. एसटी असो, टेम्पो असो, लग्नाची जीप असो, नाशिकला कामावर गेलेल्या माणसाला घरचं नवं धान्य पोचवायचं असतं आणि जाणाऱ्याने ते न्यायचं असतं. त्यात विचारण्यासारखं काही नसतं. जयवंतीची बहीण आणि मेव्हणा नाशिकला एका बांधकामावर होते.

मावशीने डब्याच्या पत्र्यावर हात मारून बघितला. "येवढा मोठा डबा आन् आत येकच गाडी?"

"मावशे, ती शर्यतीची हाय. तिला काय लागाया नको," जयवंती म्हणाली.

"लावतंय कोण? मागं ठेवू, दारापाशी."

मामाने दार उतरवलंच होतं. गाडीच्या मागे चारेक फूट फळी मोकळी होती. तांदळाचं एक पोतं चढलं, मग दुसरं, मग नाचणीचं. जयवंती आत उभी राहून बघत होती की पोतं बंपरला टेकत नाही ना. "आजून मागं. आजून मागं सरकवा, मामा." गाडीची काळजी घ्यायची म्हणून ती प्रत्येक पोतं दाराकडे ढकलायला लावत होती. सात पोती झाली. मावशीने एक कोंबडा आणला, पाय बांधलेला.

"कोंबडा नाय!" जयवंती ओरडली. "पेट्रोलच्या वासानं मरंल त्यो."

"मंग पुढं जीपमदी घे, तुझ्या मांडीवर. तुला वही वाचून दाखवंल."

सगळे हसले. कोंबडा राहिला. मग तिने माझ्याकडे वळून विचारलं, अगदी सरळ:

"काका, चालंल ना येवढं?"

मी बघितलं होतं. जीपच्या मागच्या चाकावर, टायर आणि पत्रा यांच्यामध्ये निघताना जेवढी फट होती त्यापेक्षा चार बोटं जास्त दिसत होती. जीपची पाठ उचलली गेली होती. नाक हलकं झालं होतं. अंदाजाचा प्रश्न नव्हता. मी चार बोटं मोजली.

"मला काय विचारतेस," मी म्हणालो. "मी फक्त मागून येणार आहे."

तिला वाटलं मी चालेल म्हणालो. किंवा तिला कळलं की मी काय म्हणालो. तिचा चेहरा एक क्षण थांबला, मग तिने मामाला दार लावायला सांगितलं. इक्बाल हात धुऊन आला, गोळ्याची कडी ओढून बघितली आणि जीपमध्ये बसला. दार त्याने उघडलं नाही. दार माझ्याकडे असतं.

पोशेऱ्याहून मोठ्या रस्त्याला लागल्यावर काही वेळ चढ होता. दोन्ही बाजूंना कापलेली खाचरं, मळणीच्या खळ्यांवर भाताचे ढीग, ऊन नुकतं कोवळं. मला फक्त डब्याचं दार दिसत होतं. पत्र्यावर दंव वाळल्याचे डाग. पुढे जीपमध्ये ती दोघं काय बोलत असतील याचा मी विचार करत होतो. ती त्याला पुढची वळणं सांगत असेल, सवयीने, आणि तो हसत असेल. मी ठरवलं होतं की चढ संपायच्या आत हॉर्न द्यायचा. चढ संपला. मग ठरवलं, पहिल्या वळणाच्या आत. मी हात हॉर्नवर ठेवला होता आणि दाबत नव्हतो. इतकं मला तेव्हाही स्पष्ट होतं की मला अपघात नको आहे. मला हवं होतं ते इतकंच की काहीतरी थोडंसं बिघडावं आणि इक्बालला कळावं की तिला हे जमत नाही. थोडंसं किती, हे ठरवणं माझ्या हातात असल्यासारखा मी चालवत होतो.

उतारावर डबा हलला. आधी डावीकडे, एक वीत. मग उजवीकडे, दोन वीत. मग त्याने सगळा रस्ता घेतला. मी हॉर्न दाबला आणि दाबून धरला, पण आता हॉर्नचा उपयोग नव्हता. जीपची मागची चाकं बाजूला घसरताना मला पहिल्यांदाच जीप दिसली, डब्याच्या कडेबाहेर आलेली, आणि काचेतून जयवंतीचा हात, डॅशवर रोवलेला. खाली दरी मोठी नव्हती. पुरेशी होती.

इक्बालने ब्रेक मारला नाही. ब्रेक मारला असता तर संपलं असतं. त्याने पाय उचलला, गिअरवर वेग उतरू दिला, चाक सरळ धरून ठेवलं. डबा तीनदा, चारदा डोलला, प्रत्येक वेळी कमी, आणि जीप कठड्यापासून हातभर अंतरावर थांबली. धूळ बसेपर्यंत कुणीच उतरलं नाही.

मग इक्बाल उतरला, मागे आला, दार उघडलं आणि पोती बघितली.

"ही कुणी ठेवली?"

"मी," जयवंती म्हणाली. "आमची हायेत. मीच ठेवाया लावली."

"मागे? दाराला चिकटून? अगं, रस्ता कळतो आणि गाडी कळत नाही तुला?" मी इक्बालला इतक्या वर्षांत असा ओरडताना ऐकलं नव्हतं. "घरी आई बसलीय ना तुझी? काय सांगणार होतो मी तिला?"

मग तो माझ्याकडे वळला. "दत्ता, तुला मागून दिसलं नाही?"

"दार बंद होतं," मी म्हणालो.

वाक्य खरं होतं. कुठल्याही संपादकाने ते तसंच जाऊ दिलं असतं. जयवंती माझ्याकडे बघत होती. अर्ध्या तासापूर्वी तिने मला काय विचारलं होतं ते सांगायला तिला पाच शब्द लागले असते. तिने मान खाली घातली आणि पहिलं पोतं ओढायला लागली.

सात पोती आम्ही माझ्या गाडीत भरली. ती मी नाशिकला तिच्या बहिणीकडे पोचवली. बहिणीने मला पाणी दिलं, खुर्ची पुसून दिली आणि म्हणाली, "फार उपकार झाले, काका." शर्यत झाली. त्यांचा नंबर मधला आला. नव्या माणसासोबतच्या पहिल्या वर्षाला वाईट नाही. ती सगळी वळणं बरोबर वाचत होती, आवाज खाली ठेवून. इक्बाल तिच्याशी गरजेपुरतं बोलत होता. परतीच्या वाटेवर जीपमधून हसण्याचा आवाज आला असता तरी मला डब्यामागे ऐकू आला नसता. पण तो येत नव्हता हे मला माहीत होतं. मला बरं वाटलं. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

यंदाच्या पावसात रविवारी कुणी आलं नाही. डब्याचं दार जूनपासून बंद राहिलं. खिडकीतून फक्त पाण्याचा आवाज. आजींनी एकदा कुंपणावरून विचारलं, "ती हासनारी पोर यंदा नाय आली?" मी म्हणालो, "काम असेल तिला." ते वाक्यही खरं होतं.

काल दार उतरवून बसलो होतो तेव्हा मी आत गेलो आणि डाव्या सीटवर बसून बघितलं. नवा चष्मा फक्त जवळचा आहे. डॉक्टरकडून मुद्दाम करून आणला. मांडीवर जुनी वही ठेवली. "डावं तीन, पन्नास, उजवं दोन." ओळ स्थिर दिसत होती. आवाज पत्र्यावर आपटून परत येत होता, मोठा आणि माझाच. मी पूर्ण पान वाचलं. सीट माझ्या मापाची राहिली नव्हती; पट्टे तिच्या उंचीला आवळलेले होते आणि ते सैल करायला माझा हात गेला नाही.

आज सकाळी इक्बाल आला. उत्तर घ्यायला.

"बसतोस ना?" तो म्हणाला.

मी त्याला सांगितलं. बातमीसारखं सांगितलं, कारण मला दुसऱ्या रीतीने सांगता येत नाही. पोशेऱ्याच्या अंगणात सकाळी आठच्या सुमारास तिने मला विचारलं, एवढं चालेल का. जीपची पाठ चार बोटं वर आलेली मला दिसत होती. मी ते सांगितलं नाही. रस्त्यात हॉर्न द्यायला वेळ होता, दिला नाही. तू विचारलंस तेव्हा मी दार बंद होतं म्हणालो.

इक्बाल ओट्यावर बसला. त्याचे हात गुडघ्यांवर होते. बोटांना पत्र्याचे जुने काप.

"का?" त्याने विचारलं.

"तू तिच्याबरोबर हसायचास," मी म्हणालो. बावन्न वर्षांच्या माणसाने हे बोलताना त्याचं तोंड कसं दिसतं हे मला माहीत नाही. मी जमिनीकडे बघत होतो.

"वर्षभर मी तिला..." तो म्हणाला, आणि वाक्य सोडून उठला. मला वाटलं जातोय. तो डब्यापाशी गेला, माझ्याकडे पाठ करून उभा राहिला आणि फोन लावला.

"जयवंती? इक्बाल बोलतोय. हां, कामावर आहेस का... ऐक तर. नाही, अगोदर ऐक. माझ्याकडून चूक झाली. माफ कर मला." मग तो थांबला. "दत्तानं सांगितलं आत्ता. हो, त्यानंच." पुन्हा थांबला, यावेळी जास्त. "मग तू बोलली का नाहीस तेव्हा?"

पलीकडून ती बरंच काही बोलली. आवाज येत होता, शब्द येत नव्हते. कुठल्यातरी पाड्यावर लहान मुलं रडत होती आणि त्यांच्या वरून ती बोलत होती. मी ओट्यावरून उठून जवळ जाऊ शकलो असतो. इक्बाल मान हलवत ऐकत होता. मग अचानक तो हसला. मोठ्याने, डोकं मागे टाकून, डब्याच्या पत्र्यावर थाप मारत.

ती काय म्हणाली, ते त्याने मला सांगितलं नाही. मी विचारायला तोंड उघडलं आणि मिटलं. तो अजून हसत होता.